दाखलखारीज रजिस्टरातली एक ओळ

पुणे, रविवार

प्रिय मित्रा,

मागे फोनवर तू म्हणालास, "आमच्याकडे आजोबांच्या मागचं काही सापडतच नाही, कागदच नाहीत." ते डोक्यात राहिलं. कागद आहेत रे. तू ते तलाठ्याकडे शोधलेस, सातबारा काढलास, फेरफार काढलेस, पण शाळेत गेला नाहीस. मला तिथे जे मिळालं ते फोनवर सांगताना गळा दाटला असता, म्हणून लिहितोय.

माझी सुरुवात वंशावळीसाठी नव्हतीच. पुतणीच्या जात पडताळणीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा हवा होता आणि आजोबांचा दाखला घरात मिळेना. गावच्या शाळेत अर्ज दिला. 2023 साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली तेव्हापासून शाळांना अशा अर्जांची सवय झाली आहे. मुख्याध्यापकबाईंनी लाल कापडात बांधलेलं दाखलखारीज रजिस्टर, म्हणजे मुलं शाळेत आल्या-गेल्याची नोंदवही, पुढ्यात ठेवलं. जातीचा रकाना बोटं फिरवून फिरवून मळला होता, बाकीचे रकाने मात्र स्वच्छ. तेव्हाच वाटलं, इथे येऊन लोक एवढंच बघून जातात.

आजोबांची नोंद मोडीत होती. मोडीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यामुळे जाणकाराला फोटो पाठवून वाचून घेतली. जन्मतारीख 1 जून. त्यांच्या थोरल्या भावाचीही 1 जून. जूनमध्ये शाळा भरायची आणि आईबापांना तारीख ठाऊक नसायची, म्हणून मास्तर हीच तारीख घालायचे. तिच्यावर विसंबू नकोस. नाव दाखल केल्याची तारीख मात्र त्याच दिवशी लिहिलेली असते, ती धर. पालकाच्या रकान्यात पणजोबा नव्हते, आजोबांचे मामा होते. आजोबा लहानपणी मामाकडे वाढले हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या लागोपाठच्या क्रमांकावर मामाचा मुलगा, दाखल तारीख तीच. दोघं एकाच दिवशी हात धरून शाळेत आले असणार. म्हणून तूही आपली ओळ सापडली की थांबू नकोस, वरच्या-खालच्या दहा ओळी वाच. आणि आडनावावरून शोधू नकोस. तुमचे 'पाटील' तिथे मूळ आडनावाने असतील, किंवा नुसते बापाच्या नावाने.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

आजोबांचं सापडल्यावर मनात आलं, आजीचं काय? आपल्याकडे बाईचं लग्नात आडनाव बदलतं आणि त्या काळी पाळण्यातलं नावही बदलायचं. रेशनकार्डावर, मतदारयादीत, वारसनोंदीत सगळीकडे तिचं सासरचंच नाव. माहेरचं नाव घरात कुणी उच्चारलेलं मी ऐकलं नव्हतं. ती जन्मली त्या नावाने तिची नोंद सापडली तर शाळेतच सापडेल. पण आजी अडाणी, असं आम्ही सगळेच म्हणायचो. जमिनीच्या कागदावर तिच्या नावापुढे 'निशाणी डावा अंगठा' असं आहे, मी स्वतः पाहिलंय.

तरी गेलो. वाईजवळचं तिचं माहेर. मुलांच्या शाळेत काहीच नव्हतं. निघताना शिपाईमामा म्हणाले, पूर्वी इथे मुलींची शाळा वेगळी होती, ती बंद झाल्यावर तिची रजिस्टरं मागच्या खोलीत ठेवली. दोन रजिस्टरं वाळवीने खाल्लेली, हात लावला की भुगा. तिसरं धड होतं. बालबोध अक्षर, शाई तांबूस पडलेली. पणजोबांचं नाव मला ठाऊक होतं, म्हणून बापाच्या नावावर बोट ठेवत खाली उतरत गेलो. सापडली. जिच्या काठावर ते गाव आहे, त्याच नदीचं नाव तिला ठेवलं होतं. सासरी येऊन ते देवीचं झालं.

दाखल जून 1938, इयत्ता पहिली. जन्मतारीख अर्थातच 1 जून, साल 1931. नाव कमी केले जून 1941. त्या वेळची इयत्ता तिसरी, पास. प्रगती चांगली, वर्तणूक चांगली. शाळा सोडण्याचे कारण: 'परगावी गेली'.

ती त्या वैशाखात लग्न होऊन आली होती. मुलीचं लग्न चौदाच्या आत करू नये असा शारदा कायदा 1930 पासून लागू होता, म्हणून मास्तरांनी 'लग्न' शब्द टाळला असावा. माझा तर्क आहे, पण त्या पानावर अजून दोन मुली अशाच परगावी गेल्या आहेत, त्याच जूनमध्ये.

मी तिथे बाकावर बसून राहिलो. तीन इयत्ता शिकलेली बाई! आणि मग आठवलं. लग्नकार्य उरकलं की भाऊबंदांकडून आणलेली भांडी परत करायला तिलाच बसवायचे. ती पातेलं उलटं करायची, काठावर कोरलेल्या नावावरून अंगठा फिरवायची आणि सांगायची, हे वरच्या आळीचं, हे धाकल्या जावेचं. कधी चुकली नाही. आम्ही म्हणायचो, आजी पोचे बघून भांडी ओळखते. ती वाचत होती रे. ती सगळी वर्षं वाचत होती आणि आमच्यातल्या कुणीही तिला विचारलं नाही.

त्या ओळीचा प्रवेश निर्गम उतारा, म्हणजे रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल, घेतला, सही-शिक्क्यासह. कुठल्या कचेरीला तो लागणार नाही. घरी आल्यावर आईला दाखवला, तिने आधी हात धुतले आणि मग घेतला.

आता तुझं. तुझ्या आत्या अजून गावी आहेत, शहाऐंशीच्या. या दिवाळीला जाशील तेव्हा त्यांना तीन गोष्टी विचार: तुझ्या आजीचं माहेर, तिच्या वडिलांचं नाव, आणि तिचं पाळण्यातलं नाव. बाकी मी बघतो. ती शाळा लोकल बोर्डाची असणार. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या तेव्हा अशा शाळा त्यांच्याकडे गेल्या. शाळा बंद झाली असेल तर जवळच्या शाळेत किंवा तालुक्याला गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे चौकशी करू. अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे, सोबत तुझं ओळखपत्र आणि हाताने काढलेली वंशावळ. 'दाखला द्या' असं लिहू नकोस, 'जनरल रजिस्टरचा उतारा' असं लिही, दाखलखारीज रजिस्टरलाच जनरल रजिस्टर म्हणतात. दाखल्यावर मोजक्याच गोष्टी येतात. पान बघायला मिळालं तर पूर्ण बघ, परवानगी विचारून फोटो घे.

उशीर नको करूस. त्या खोलीतलं वाळवी लागलेलं दुसरं रजिस्टर 1942 पासूनचं होतं. आजीची धाकटी बहीण त्यातच असणार. तिचं नाव आता आम्हाला कुठेच मिळणार नाही.

आत्यांना माझा नमस्कार सांग. तारीख कळव, मी स्वारगेटवरून सकाळची एसटी पकडतो.

तुझाच