आठवणीतली चव लिहिताना

संपादक महोदय,

स्थलांतर आणि खाण्याच्या आठवणी यांवरचे लेखन मी आवर्जून वाचते. स्वतः परमुलखात संसार मांडल्यामुळे असेल. पण बहुतेक लेख ‘आईच्या हातची चव’ एवढ्यावरच थांबतात, याचे वाईट वाटते. ती चव साधायची कशी? चूल होती की स्टोव्ह? नेहमीचा जिन्नस नव्या गावी मिळेना, तेव्हा त्याच्या जागी काय घातले आणि ते घरात कुणी नाकारले? खरे स्थलांतर या अदलाबदलीत दिसते. जिन्नसही स्थलांतर करतातच: बटाटा, टोमॅटो, मिरची मूळची अमेरिका खंडातली. १४९२ मध्ये कोलंबस तिकडे पोहोचल्यानंतर समुद्र ओलांडून ती जगभर रुजली.

वासाची वाट मेंदूतल्या भावना आणि स्मृतीच्या केंद्रांकडे फार थेट जाते, म्हणून एवढ्याशा वासानेही माणूस गलबलतो. ते गलबलणे जरूर लिहावे; पण सोबत मापे, भांडी, इंधन आणि पंगतीत शेवटी कोण जेवायला बसायचे, तेही लिहावे. हे सांगू शकणारी पिढी आता थकली आहे. ज्यांना लिहिता येत नाही अशा बायकांकडून आपण हे ऐकून उतरवून घ्यावे आणि त्यांच्याच शब्दांत छापावे, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक