डबे स्वस्त मिळतात हो, पण कुठल्या सालचे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी पुरवणीत घरात मॉडेल रेल्वे मांडणाऱ्यांवर लेख आला होता, वाचून बरं वाटलं, पण शेवटी "हा पैसेवाल्यांचा छंद" म्हणून विषय संपवलात ते काही पटलं नाही. मी मिरजेत राहतो, पेन्शनर माणूस, वरच्या खोलीत आठ बाय तीनच्या प्लायवर मिरज यार्ड मांडतोय, १९६५ च्या आसपासचं. म्हणजे पुण्याची लाईन अजून मीटरगेज, रुळांत एक मीटर अंतराची (रुंद रुळांची ब्रॉडगेज झाली १९७१ ला) आणि पलीकडं पंढरपूर-कुर्डुवाडीकडं जाणारी आपली बार्शी लाईट रेल्वे, रुळांत अडीच फूट अंतराची. वडील गुड्स शेडला होते, त्यामुळं या गाडीतनं त्या गाडीत पोती टाकणारे हमाल आणि हळदीचा पिवळा धुरळा अजून डोळ्यासमोर आहे.

लेखात खर्चाचं आलं ते सगळं इंजिनाचं. अहो इंजिन एकदाच घ्यायचं असतं, खिसा फाटतो वॅगनींपायी, मागं दहा-बारा तरी पाहिजेत नाहीतर मालगाडी दिसतच नाही. त्यात बाहेरनं मागवायचं म्हणलं तर कस्टमच्या लेखी हे खेळणंच, आणि खेळण्यांवरची ड्युटी २०२० च्या बजेटमध्ये २० वरनं ६० टक्के झाली, २०२३ ला ७०. इथल्या खेळणीवाल्यांसाठी केलं असेल, पण मीटरगेजची वॅगन इथं करतंय कोण?

मग माणूस स्वस्त दिसेल ते उचलतो. मीपण उचललं. सेकंडहँड, सात डबे, विकणाऱ्यानं "जुन्या काळातले" असं लिहिलेलं, भाव बरा. पार्सल फोडलं तर अमेरिकन बॉक्सकार, म्हणजे तिकडचे बंद मालडबे! त्यात एकाच डब्याच्या छतावर चालायची फळी, बाकी सहांवर नाही, आणि तिकडं नव्या डब्यांवर ती फळी बंद झाली १९६६ ला, म्हणजे अमेरिकेचं यार्ड मांडलं असतं तरी सहा डबे माझ्या सालाच्या पुढचेच निघाले असते. नातवाला दिले, तो खूश. एका मित्रानं बॉक्स-एन दाखवली, देखणी आहे, पण ती ऐंशीच्या दशकातली एअरब्रेकची ब्रॉडगेज वॅगन, ती माझ्या यार्डात म्हणजे धोतरावर टाय. डब्यावरच्या अक्षरांचंपण तसंच, दक्षिण मध्य रेल्वे झालीच २ ऑक्टोबर १९६६ ला, त्यामुळं त्या नावाचा डबा १९६५ ला उभा केला की जाणकार माणूस लगेच हसतो.

आता स्वस्तात काय जमतं ते सांगतो. १:८७ ला, म्हणजे सगळं खऱ्याच्या ८७ पट लहान केलं की, मीटरगेजच्या रुळांतलं अंतर साडेअकरा एमएम येतं, त्याला टीटी नावाचा मॉडेलचा १२ एमएमचा ट्रॅक बिनधास्त चालतो. वर बॉडी म्हणून ब्रिटिश डबल-ओ स्केलची जुनी चारचाकी व्हॅन घ्यायची, सेकंडहँडमध्ये सगळ्यात स्वस्त तीच असते, ती १:७६ ची म्हणजे आपल्यासाठी जरा दांडगी, पण मला तरी नजरेला खटकत नाही. खालचा सांगाडा मात्र नवीन करायचा आणि दोन्ही बाजूचे बफर (डब्याच्या टोकाला धक्का झेलणारे दट्टे) कापून टाकायचे, कारण मीटरगेजला बफर मधे एकच! हे न कापता वर नुसता रेड ऑक्साइड मारून "मीटरगेज" म्हणून फोटो टाकणारे महाभाग आहेत, असो.

बार्शी लाईट पावणेनऊ एमएम येते, तिला एन गेज नावाचा मॉडेलचा ९ एमएमचा ट्रॅक. १८९७ ला ती लाईन सुरू करणाऱ्या काल्थ्रॉप साहेबानं कुठल्याच अॅक्सलवर पाच टनाच्या वर भार येऊ द्यायचा नाही असा हिशोब धरला होता, म्हणून भार वाटायला तिचे डबे बोगीवरचे (बोगी म्हणजे इथं डब्याखालची चाकांची फिरती गाडी). एन गेजच्या सुट्या बोग्या मिळतात, वरची बॉडी घरीच करायची. आमच्या इथं तंबोरे करणाऱ्यांकडं सेल्युलॉइडच्या पट्ट्यांचे तुकडे उरतात, मी मागितले तर चहा पाजून वर पिशवीभर दिले, त्याचीच छपरं केलीत. एक डबा दीडशे-दोनशेत बसतो, वेळ किती जातो ते विचारू नका.

अडतंय ते पैशापाशी नाही, मापांपाशी. पुण्याला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम बघून आलो, बघायला झकासच आहे, सगळ्यांनी जावं, पण माझी वॅगन तिथं कशी असणार. म्हणून विनंती, मिरज, कवठेमहांकाळ, पंढरपूर या पट्ट्यात ज्यांच्या घरी कुणी रेल्वेत होतं त्यांनी जुने अल्बम चाळावेत. लोक फोटो काढायचे इंजिनापुढं उभं राहून, पण मागं कोपऱ्यात एखादी वॅगन आलेली असते, ती मला पाहिजे. माणूस शेजारी उभा असेल तर फारच उत्तम, उंचीवरनं माप काढता येतं. फोटोची कॉपी आपल्या कार्यालयात दिली तर मी येऊन घेऊन जाईन. त्यातल्या त्यात नॅरोगेजच्या, म्हणजे बार्शी लाईटच्या, ब्रेकव्हॅनची (शेवटच्या गार्डाच्या डब्याची) मागची बाजू कुणाकडं असेल तर लवकर कळवा, ती सोडून सगळी गाडी तयार आहे.

आपला,
एक वाचक, मिरज