समवयस्क साहाय्यकाला उपचारात स्थान हवे

महोदय,

ग्रामीण युवकांच्या मानसिक आरोग्यासाठी समवयस्क साहाय्यक, म्हणजे मानसिक आजारातून सावरलेले त्यांच्याच वयाचे तरुण, नेमावेत, असे सुचवणारा आपल्या दैनिकातील लेख वाचला. सूचना योग्यच आहे. मात्र या साहाय्यकाचे काम रुग्ण शोधून आणण्यापुरते न ठेवता त्याला डॉक्टरांच्या बरोबरीने उपचाराच्या चर्चेत स्थान मिळावे. पोलीस भरतीत वारंवार अपयश आलेला किंवा सोयाबीन हातचे गेल्यामुळे शिक्षण सोडावे लागलेला मुलगा जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत ‘झोप लागत नाही’ एवढेच सांगतो, कारण मागे वडील उभे असतात. अशाच आजारातून सावरलेल्या, आपल्याच वयाच्या माणसाजवळ मात्र तो मोकळा होतो. मुलाच्या संमतीने ते बोलणे डॉक्टरांपर्यंत पोहोचले, तर उपचाराची दिशा बदलू शकते.

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात स्थानिक प्रशिक्षित कार्यकर्ते आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी एकत्र काम केले, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी त्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. ते कार्यकर्ते समवयस्क साहाय्यक नव्हते, हे खरे; पण गावातला माणूस आणि तज्ज्ञ यांची सांगड घालता येते, हे विदर्भातच दिसले आहे.

साहाय्यकाला नियमित मानधन द्यावे. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या मुलाचा भार बावीस-तेवीस वर्षांच्या तरुणावर एकट्यावर टाकणे अन्यायाचे आणि धोक्याचेही आहे. अशा वेळी साहाय्यकाने थेट फोन करावा असा डॉक्टर आधीच नेमून दिलेला असावा.

– एक वाचक, दर्यापूर (जि. अमरावती)