वणव्याच्या संध्याकाळी खजूर आणि राजगिऱ्याचे लाडू

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

येऊरच्या डोंगराला लागलेल्या वणव्याची बातमी आपल्या दैनिकात चार ओळींत आली. ‘स्थानिकांच्या मदतीने आग आटोक्यात’ असं तिच्यात होतं. त्या स्थानिकांपैकी मी एक. वय ६४, राहणार लोकमान्यनगर. ते स्थानिक कोण होते हे सांगावं म्हणून हे पत्र लिहीत आहे. वणवा विझून आठवडा होत नाही तोच आमच्याकडे मोबाइलवर एक संदेश फिरू लागलाय, की आग ‘त्या लोकांनी’ लावली. कोणी म्हणतं दर्ग्यावर जाणाऱ्यांनी, कोणी म्हणतं पाड्यावरच्या आदिवासींनी. तो वाचला आणि रात्रभर झोप आली नाही.

त्या दिवशी एकादशी होती. विठ्ठल मंदिरात आमच्या महिला मंडळाचा हरिपाठ निम्मा झाला असेल, तेवढ्यात चाळीतला एक मुलगा धापा टाकत आला, डोंगर पेटलाय म्हणून. बाहेर येऊन पाहिलं तर शेवटच्या चाळीच्या वरच्या अंगाला धूर आणि त्याखाली नारिंगी रेघ. टाळ सतरंजीवर तसेच ठेवून आम्ही सात जणी निघालो. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी २६ वर्षं पॅकिंगला होते, तिथे आगीची तालीम व्हायची. त्या सवयीनं मी ‘बादल्या घ्या’ म्हणून ओरडले. पण त्या चढणीवर पाणी नेणार कसं आणि ओतणार किती!

जंगलातली आग कशी विझवतात ते पाड्यावरच्या वारली बायकांनी आम्हाला तिथेच, आगीपुढे उभं करून शिकवलं. मार्चमध्ये साग पळसाला पान नसतं, हिरवी डहाळी मिळायची कुठून? एका म्हातारीनं जांभळीच्या डहाळ्या तोडून एकेकीच्या हातात दिल्या. मी जोरजोरात झोडपायला लागले तशी ती म्हणाली, “बाय, वर नको उचलू, ठिणगी उडते. दाबून धर आणि जळल्या बाजूला ओढ.” आगीच्या वरच्या चढावर कुणी थांबायचं नाही, कारण ज्वाळेची धग चढावरचं गवत आधीच तापवते आणि आग माणसापेक्षा वेगानं वर पळते. पुढे पुरुष मंडळी पालापाचोळा ओढून दोन-अडीच हात रुंद माती उघडी करत होती. तिथपर्यंत येऊन आग थबकायची. वाळलेल्या कारवीत मात्र ती थांबेना. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मरते, मग तिच्या काठ्या उभ्याच्या उभ्या सुकतात. याच कारवीचे कुड लिंपून पाड्यावरची घरं उभी राहतात. म्हणजे त्या बायकांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या भिंती जळत होत्या.

रमजान सुरू होता. खालच्या मशिदीतली पंधरा-वीस मुलं इफ्तारीची तयारी टाकून आमच्याआधी वर पोचली होती. दिवसभर पाण्याचा थेंब नाही आणि समोर ती धग. वनरक्षक दोघंच होते, ती मुलं त्यांच्या हाताखाली राबत होती. पावणेसातच्या सुमाराला एकानं मोबाइलमध्ये वेळ पाहिली, खिशातून कागदाची पुडी काढली, एक खजूर तोंडात टाकला आणि पुडी माझ्यापुढे केली. “मावशी, तुमचा पण उपास आहे ना? खजूर चालतो ना तुम्हाला?” चालतो. एकादशीला खजूर चालतो. माझ्या पदराला प्रसादाचे राजगिऱ्याचे चार लाडू बांधलेले होते, ते मी त्या मुलांना दिले. काळ्या पडलेल्या हातांनी आम्ही तिथेच खाल्लं आणि पुन्हा डहाळ्या उचलल्या. माझ्या आजवरच्या एकादश्यांमध्ये एवढी खरी एकादशी मला दुसरी आठवत नाही.

अंधार पडल्यावर ज्वाळा गेल्या, पण बुंधे आतून धुमसत होते. त्यांच्यावर माती लोटत रात्रीचे दहा वाजले. उतरताना ती म्हातारी वाघोबाच्या शेंदरी दगडापाशी थांबली, जमिनीला हात लावला. मी विचारलं, काय मागितलंस? म्हणाली, मागायचं काय, त्याचं घर जळलं, त्याला सांगायला नको?

आग कोणी लावली ते मी पाहिलेलं नाही, आणि संदेश पाठवणाऱ्यांनीही पाहिलेलं नाही. विझवायला कोण होतं ते मात्र मी पाहिलंय. आपल्याकडचे वणवे बहुतेक माणसाच्या हातूनच लागतात. विडीचं थोटूक, दारूपार्टीची शेकोटी, गवत चांगलं येईल म्हणून लावलेली काडी. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे. गुन्हेगार शोधावा, जरूर शोधावा, तो कोणत्याही धर्माचा असो. भाविकांनाही माझं हात जोडून सांगणं आहे. डोंगरावर देवाला भेटायला जाताना वाळल्या पानांत उदबत्ती, कापूर, दिवा लावू नका. आमच्या मंडळानंही तिथे कापूर लावणं थांबवलंय. फुलं आणि पाणी वाहतो.

पावसाला अजून दोन-अडीच महिने आहेत. येऊरचं जंगल ज्यात येतं त्या सुमारे १०३ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला मुंबई आणि ठाणे दोन्ही बाजूंनी वस्तीचा वेढा आहे. एप्रिल-मे हे रातवा, टिटवी या पक्ष्यांच्या विणीचे दिवस. त्यांची अंडी उघड्या जमिनीवर असतात, आगीतून ती कुठे पळणार? म्हणून मंदिर, मशीद आणि चर्चच्या विश्वस्तांना माझी विनंती आहे. तुमच्याकडे ध्वनिक्षेपक आहे, दर आठवड्याला जमणारी माणसं आहेत. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक त्यांना पाठ करून द्या. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडे नोंदणी केली की उपग्रहानं टिपलेल्या आगीचा संदेश मोबाइलवर येतो. माझ्या भाच्यानं माझी नोंदणी करून दिली आहे. आणि वन विभागानं जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, काढायचं, आगीवर नजर ठेवायचं काम पाड्यावरच्या बायकांना रोजावर द्यावं. त्यांना येतं ते आम्हाला येत नाही.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता आमचं मंडळ, मशिदीतली मुलं आणि पाड्यावरची मंडळी वनरक्षकांच्या परवानगीनं चाळींच्या मागचा पाचोळा काढायला जाणार आहोत. खराटे आमच्याकडे वीस आहेत. कोणाला यायचं असेल तर विठ्ठल मंदिरापाशी या, पायात बूट घाला आणि अंगात सुती कपडे.

आपली नम्र,
लोकमान्यनगर, ठाणे येथील एक वाचक