लूगरचा छंद लाकूड-कातड्यापुरताच बरा

महोदय,

जुन्या जर्मन लष्करी पिस्तुलांचे सुटे भाग जमवण्याचा नाद सोलापुरातही लागला आहे. परदेशी संकेतस्थळावर लूगर या जर्मन पिस्तुलाची नळी किंवा मॅगझिन (गोळ्यांची पेटी) मिक्सरच्या भांड्यासारखे विकायला असते. ‘अख्खे पिस्तूल थोडेच मागवतोय’ म्हणून माणूस पैसे भरतो, आणि तिथेच फसतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ म्हणजे शस्त्राचे भागसुद्धा, आणि कलम १० प्रमाणे परवान्याशिवाय ते देशात आणता येत नाहीत. कलम ४५ मध्ये किरकोळ भागांना सूट आहे. पण जोडीच्या इतर भागांबरोबर ते वापरायचे नसतील तरच, मग ते इतर भाग तुमच्याकडे असोत की दुसऱ्याकडे. नळी, फ्रेम, बोल्ट यांना किरकोळ म्हणणे कुठेच टिकणार नाही. मॅगझिनच्याही वाटेला जाऊ नये. शंका असेल तर शहरात पोलीस आयुक्तालयात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयात आधी लेखी विचारावे.

मग जमवायचे काय? मुठीच्या लाकडी पट्ट्या, कातडी होल्स्टर (पिस्तुलाची म्यान), त्यातले छोटे अवजार. खरी मौज यांतच आहे.

जर्मन सैन्याने १९०८ मध्ये स्वीकारलेल्या पी-०८ च्या, म्हणजे लूगरच्याच, पट्ट्या अक्रोडाच्या, चौकटीदार खाचांच्या. पुष्कळ पट्ट्यांच्या आतल्या अंगाला पिस्तुलाच्या क्रमांकाचे शेवटचे दोन अंक ठोकलेले असतात; दोन्हींवर ते एकच हवेत. डावी पट्टी आधी पाहा. सेफ्टीच्या खटक्याजवळचा तिचा कोपरा पातळ असतो. पट्टी हलकेच सरकवत काढायची सोडून सरळ उचकटली की तेवढाच टवका उडतो. म्हणून धड डावी पट्टी दुर्मीळ. टवका पुटीने भरून रंगवलेला असेल तर भिंग धरल्यावर लाकडाची रेषा तिथेच थांबलेली दिसते.

माउझर सी-९६ या दुसऱ्या जर्मन पिस्तुलाच्या मुठीवरचा लाल ९ सगळ्यांना हवा असतो. १९१६ मध्ये प्रशियाच्या सैन्याने ९ मिमीच्या दीड लाख पिस्तुलांची मागणी नोंदवली, नेहमीची ७.६३ ची गोळी चुकून भरली जाऊ नये म्हणून मुठीवर हा आकडा कोरून रंगवला. आता कुठल्याही जुन्या मुठीवर ९ कोरून मिळतो. मूठ तळहाताजवळ गुळगुळीत झालेली आणि आकड्याच्या कडा मात्र धारदार, असे दिसले की हात जोडावेत.

होल्स्टरच्या पाठीवर बहुधा कारखाना आणि वर्ष ठोकलेले असते. पी-०८ च्या होल्स्टरला बाहेर जादा मॅगझिनचा कप्पा, झाकणाच्या आत अवजाराची छोटी खिशी. हे अवजार म्हणजे पोलादी पत्र्याचे: एका टोकाला स्क्रू-ड्रायव्हर, दुसरीकडे भोक. ते भोक मॅगझिनच्या बटणावर अडकवून स्प्रिंग खाली दाबायची आणि गोळ्या भरायच्या. खिशी बहुतेक वेळा रिकामीच येते. वापरलेल्या होल्स्टरमध्ये आतून पिस्तुलाचा ठसा उमटलेला असतो. तो नाही, आणि शिवणीचा दोरा सगळीकडे सारखाच स्वच्छ, तर शिक्क्यावर विश्वास ठेवू नका.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर कातडे चार-पाच वर्षांत तडकते. त्यावर उपाय म्हणून लोक खोबरेल चोपडतात. कातडे मऊ पडते, पण शिवण कुजते आणि धूळ बसते ती बसतेच. पातळ मेणाचा एक हात पुरे. अवजार होल्स्टरच्या खिशीत ठेवू नये: कातडे कमावताना वापरलेले टॅनिन आंबट असते, पावसाळ्यातली ओल मिळाली की लोखंड खाते. आणि आपला जाड सोलापुरी टॉवेल कितीही भारी असला तरी त्यात काही गुंडाळू नका, तो ओल धरून ठेवतो. धुतलेले पातळ सुती कापड, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी आणि खालच्या मजल्यावरचे कपाट चांगले.

– काही संग्राहक, सोलापूर