मागची भिंत पाडू नकोस

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास की दिवाळीनंतर जांबोटीकडचं जुनं कौलारू घर पाडायचं नक्की झालंय आणि मागची ती जांभ्याची भिंत सुद्धा काढून तेच चिरे कंपाउंडला वापरायचे, तेव्हापासून तुला लिहायचं डोक्यात घोळतंय, फोनवर एवढं सगळं बोलता येत नाही बघ. घर बांध, स्लॅब टाक, काकूंनी अजून किती पावसाळे गळक्या छपराखाली काढायचे, ते मला पटतंय. माझं म्हणणं फक्त त्या भिंतीबद्दल आहे.

त्या भिंतीत पाली आहेत. ट्यूबलाईटजवळ असते ती फिकट पाल नव्हे, त्याहून चांगली मोठी, गडद अंगाची, अंगावर फिकट आडवे पट्टे असलेली. हेमिडॅक्टिलस प्रशादी म्हणतात तिला. माल्कम स्मिथ ह्या प्राणिशास्त्रज्ञानं १९३५ साली जोगच्या परिसरातल्या पालीवरून तिची नोंद केली, कॅसलरॉक, गोवा ह्या आपल्या दमट घाटपट्ट्यातली ती. म्हणजे लांब कुठं शोधायला जायला नको, तुझ्या परसात आहे. काकूंच्या स्वयंपाकघराच्या काचेवर एक रात्री येते, आतून पोटाकडची बाजू दिसते, तेव्हा तिची बोटं नीट बघ. प्रत्येक बोटाखाली रुंद गादी, त्या गादीवर मधून दुभंगलेल्या आडव्या पट्ट्या, आणि नख गादीच्या वर मोकळं. पाऊल उचलताना बोट टोकाकडून मागं उलगडत जातं, मग पाय सुटतो, आणि हे सगळं इतक्या पटकन की डोळा ठेवून बसलं तरच कळतं. त्या पट्ट्यांवर डोळ्यांना न दिसणारे केस असतात, त्यांची टोकं पुन्हा शेकडो भागांत फुटलेली. टोके गेको नावाच्या मोठ्या पालीच्या एका पावलावर असे पाच लाखांच्या आसपास केस भरतात. चिकटायला गोंद नाही, हवा ओढून धरणं नाही, केस आणि भिंत ह्यांच्या कणांमधलं व्हॅन डर वाल्स आकर्षण आहे, २००२ साली केलर ऑटम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते दाखवून दिलं.

काही पालींची गादी बोटाच्या अगदी टोकाला असते, दोन पाकळ्या आणि मधे नख. भूमध्य समुद्रात कोर्सिका, सार्डिनिया बेटांवर एक इवलीशी पाल आहे तसली, ग्रॅनाइटच्या फटीत दिवस काढते. फट गेली की ती कुठं जाणार? आणि आपल्या घाटातल्या निमास्पिस जातीच्या पालींना तर गादीच नाही, नुसती नखं, खडबडीत दगड आणि खोड धरायला तेवढी पुरतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एकीला २००९ साली कोल्हापुरेन्सिस असं नाव मिळालंय, किती जवळची गोष्ट ही.

मला खरं वेड लावलं ते मादागास्करच्या युरोप्लाटसनं. पानाच्या शेपटीच्या पाली ह्या, त्या बेटाशिवाय जगात कुठंच नाहीत. त्यातली फिंब्रिएटस हातभर नसली तरी तीसेक सेंटिमीटर लांब, दिवसा खोडावर डोकं खाली करून चपटी पडलेली असते, जबड्याच्या आणि कुशीच्या कडेला कातडीची झालर, ती खोडाला टेकली की अंगाची सावलीच पडत नाही. फँटास्टिकस लहान, खाली झुडपात राहते, शेपूट हुबेहूब कुजकं पान, कडा कुरतडलेल्या, अंगावर शिरा सुद्धा. आता हे सगळं कुजक्या पानांच्या ओल्या जंगलातच चालतं, जंगल जाळून शेत केलं की ते सोंग उघडं पडतं, आणि तिथं तेच चाललंय, वर पाळायला म्हणून पकडून विकतात ते वेगळंच, त्यामुळं त्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधनं आहेत.

ऑस्ट्रेलियात पण पानाच्या शेपटीच्या पाली आहेत, पण त्यांचं कुळच वेगळं. दोन्हीकडं खोड, दगड आणि रात्र हेच होतं म्हणून अंग तसंच घडत गेलं. केप मेलव्हिलमधली साल्टुआरियस एक्झिमियस २०१३ साली कॉनरॅड हॉस्किन आणि पॅट्रिक कूपर ह्यांनी जगापुढं आणली. घरांएवढाल्या काळ्या ग्रॅनाइट शिळांचे ढीग, त्यांच्यावर पावसाळी जंगलाचा तुकडा, आतल्या पोकळ्यांत गारवा आणि ओल, आणि ती पाल तेवढ्याच जागेत, दुसरीकडं कुठं नाहीच.

तू म्हणशील तिकडचं आपल्याला काय. मग रत्नागिरीचं ऐक. तिथल्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, हेमिडॅक्टिलस आल्बोफॅसिएटस नावाची पाल राहते, १९६३ साली नोंद झालेली, भिंतीवर चढतच नाही, सुट्या जांभ्या दगडाखाली दिवस काढते. आंब्याच्या बागेला गडगा घालायला लोक तेच दगड उचलून नेतात. कुणी तिला मारत नाही रे, नुसता दगड हलवतात. मला ह्याचंच जास्त वाईट वाटतं, कारण कुणाला कळत सुद्धा नाही.

म्हणून सांगतोय, मागची भिंत राहू दे. नवीन घराच्या पायाच्या बाहेरच पडते ती, मी टेप लावून बघून आलोय. आणि भिंत ठेवलीस तरी गवंड्याला मोकळं सोडू नकोस, तो हौसेनं सिमेंटचा गिलावा मारेल आणि सगळ्या सांदी बुजवून टाकेल, ह्या पाली अंडी तिथंच घालतात, एका वेळी दोन, टणक कवचाची. जिथं चिरा खरंच हललाय तिथं फक्त खालून टेकू दे. भिंतीकडं तोंड करून मोठा एलईडी पण लावू नकोस, पुढच्या अंगणात लाव की.

कंपाउंडला चिरे कमी पडतील ते मी बघतो, खानापूरला एक खाणवाला ओळखीचा आहे, ट्रॅक्टरचं भाडं आपण निम्मं निम्मं करू. गवंडी कोण ठरवलायस तेवढं कळव, काम सुरू व्हायच्या आत मी स्वतः जाऊन त्याला भिंत दाखवतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
बेळगावचा दोस्त