खड्ड्यांवरून वय

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही विचारलंत, नुसते खड्डे मोजून लघुग्रहाचं वय कसं काय सांगतात? फोनवर घाईत राहिलं, म्हणून लिहिते.

मुळात ते लघुग्रहाचं वय नसतंच, त्याच्या वरच्या थराचं असतं. वेस्टा हा लघुग्रह साडेचार अब्ज वर्षांचा. पण त्याच्या दक्षिणेचं सुमारे 500 किलोमीटर रुंद रियासिल्व्हिया विवर त्यातल्या खड्ड्यांवरून जेमतेम एक अब्ज वर्षांचं निघतं. त्या धडकेने पाटी पुसली, मोजणी तिथून नव्याने सुरू.

मोजायला फोटो तिरप्या उन्हातले हवेत. ऊन डोक्यावर असलं की सावली पडत नाही आणि उथळ खड्डे हरवतात. क्षेत्र आखून प्रत्येक खड्ड्याचा व्यास घ्यायचा, आकाराप्रमाणे गट पाडायचे, आणि तिथे दगड किती वेळा आदळत असतील त्या हिशेबाशी ताळा घालायचा. बारीक खड्ड्यांवर विसंबू नये. हादऱ्यांनी माती घसरते आणि ते आधी बुजतात. आई, वळवाचे पहिले थेंब अंगणातल्या धुळीत मोजता येतात, पण अंगण भरलं की नवा थेंब जुन्यावरच पडतो. फार जुन्या जमिनीचं तसंच होतं, आकडा पुढे सरकत नाही.

खरी गोम वेगळीच आहे: केवढ्या दगडाने केवढा खड्डा पडतो? जपानच्या हायाबुसा-2 यानाने 5 एप्रिल 2019 रोजी रयुगू या लघुग्रहावर हे करूनच पाहिलं. 2 किलो तांबं आदळवलं, वेग सेकंदाला 2 किलोमीटर. यान स्वतः रयुगूच्या आड लपलं होतं. खड्डा पडला जवळजवळ साडेचौदा मीटरचा, तोही अर्धवर्तुळाकार, कारण एका बाजूचा मोठा धोंडा हललाच नाही. माती एकमेकीला धरून असती तर खड्डा कितीतरी लहान झाला असता. म्हणजे तिथे छोटा दगडही मोठा खड्डा पाडतो, आणि छोटे दगड पुष्कळ असतात. तेवढे खड्डे पडायला वेळही कमीच लागतो. त्यावरून रयुगूचा पृष्ठभाग सुमारे 60 लाख ते 1.1 कोटी वर्षांचा ठरला. जमीन घट्ट आहे असं मानलं असतं, तर तेच खड्डे मोजून वय कितीतरी पट जास्त आलं असतं.

आपल्या लोणारला तर दगड हातात आहेत, तरी एका पद्धतीने 52 हजार वर्षं येतात, दुसरीने 5 लाख 70 हजार. तेव्हा बाबा, बातमीत वयाचा आकडा आला की जमीन कशी आहे असं मानलं होतं, तेवढं आधी शोधा.

तुमची लेक